तिकडचे नऊ

अवकाळी पाऊस असा आडवा येत होता की फाटकापासून पोर्चपर्यंतच्या वीस पावलांत तिची छत्री दोनदा उलटी झाली. पायऱ्या चढून ती आडोशाला आली, मानेला झटका देऊन केसांतलं पाणी उडवलं, आणि ते सगळं शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर गेलं.

"सॉरी... तुम्ही दिसलाच नाहीत."

"माझं सोडा," तो म्हणाला. "याच्यावर उडालं नाही ना, तेवढं बघा."

छातीशी, टॉवेलात गुंडाळून, त्याने काहीतरी धरलं होतं. तान्हं मूल धरावं तसं. तिने टॉवेलाचं टोक बोटाने बाजूला सारलं, तर आत भिंतीवरचं घड्याळ. गोल, पांढऱ्या तबकडीचं, कुठल्याही दुकानात मिळेल असं.

"कोरडं आहे," ती म्हणाली. "पण बंद पडलंय. साडेअकरा वाजून गेले, आणि हे सात दाखवतंय."

"नीट बघा. चालू आहे."

सेकंदकाटा खरंच फिरत होता.

"हे इकडचं नाही, तिकडचं आहे," तो म्हणाला आणि तो जिथे नोकरीला होता त्या देशाचं नाव त्याने सांगितलं.

आता मात्र तिला चेव आला. "मग तर नक्कीच चुकलंय. तिकडे आत्ता सहा वाजलेत. साडेपाच तास मागे. मला नका सांगू, माझं पोट आहे त्याच्यावर."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसणाऱ्या माणसाचं हसू होतं ते, जरा अडखळत आलेलं. "थंडीत साडेपाच. आता साडेचार. अकरा दिवसांपूर्वी, रविवारी, तिकडे सगळ्यांनी घड्याळं तासभर पुढे केली. दर वर्षी करतात. उन्हाळ्यात पुढे, थंडीत मागे. काय हौस आहे कुणास ठाऊक."

तिचा हात केसांतच राहिला.

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, दोन नवशिक्यांना समजावूनही सांगितलं होतं. आणि तरी, या शुश्रूषागृहाची वेबसाइट लिहिताना, त्यातला पडद्यामागचा, सर्व्हरवरचा सगळा कारभार एकटीने लिहिताना... तिने ते केलं होतं का? तिला आठवेना. मग आठवलं. नव्हतं केलं.

"इथे तुमचं कोण असतं?" तिने विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

"आई होती. चौदा नंबरला. त्याच रविवारी गेली." त्याने टॉवेल पुन्हा नीट गुंडाळला. "हे तिच्या खोलीतलं. तिच्याकडे दोन घड्याळं असायची, एक इकडचं आणि एक माझं."

तिने छत्री मिटली. ती आत गेली.

तिथून सहसा कुणी बरं होऊन घरी जात नसे. शेवटचे महिने, आठवडे जमतील तितके बिनदुखण्याचे जावेत म्हणून बांधलेली दोन मजली इमारत, वीस खोल्या. दूरदेशी असलेल्या मुलाबाळांना रोग्याशी समोरासमोर बोलता यावं म्हणून मधल्या दालनात एक मोठा स्क्रीन होता. कॉल आधी वेबसाइटवर नोंदवायचा, ठरलेल्या वेळी रोग्याला खुर्चीत बसवून स्क्रीनपुढे आणायचं. चार महिन्यांपूर्वी, ऐन थंडीत, तिने हे सगळं चालू करून दिलं होतं. तेव्हा मोठ्या सिस्टरांनी तिच्या पाठीवर थाप मारली होती.

आज त्यांनी बसासुद्धा म्हटलं नाही.

"तुमच्या मशीनने आमचं नाक कापलं, बाई," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि तक्ता पुढे सरकवला. त्या रविवारपासून चार कॉल फसले होते, चारही एकाच देशाचे. सगळ्यात वरची ओळ होती: खोली चौदा. दुपारी अडीच. नातेवाईक आले नाहीत.

"चौदा नंबरच्या काकूंचं फार वाईट वाटतं मला," सिस्टर म्हणाल्या. "दीड वाजताच म्हणायला लागल्या, मला बसवा, त्याची वेळ झाली. सकाळी आयाकडून ते दुसरं घड्याळ पुढे करून घेतलं होतं त्यांनी. मी म्हटलं, काकू, स्क्रीनवर अडीच लिहिलंय, जरा पडा. मशीन कशाला खोटं बोलेल? अडीचला बसवलं. केस विंचरून दिले. साडेतीनपर्यंत बसून राहिल्या. मग म्हणाल्या, कामात असेल. पाचला गेल्या."

तिने लॅपटॉप उघडला. पासवर्ड दोनदा चुकला.

चूक शोधावी लागली नाही. फॉर्मवर ठळक अक्षरांत एक वाक्य होतं: तुमच्या गावच्या घड्याळाप्रमाणे वेळ निवडा. तेही तिचंच. माणूस सकाळचे नऊ निवडायचा. सर्व्हर त्याच क्षणी दोन गावांतला फरक बघायचा, साडेपाच तास, तो नवात मिळवायचा आणि दुपारचे अडीच लिहून ठेवायचा. मग गाव विसरायचा, नऊही विसरायचा. पुढे तिकडची घड्याळं सरकोत नाहीतर कोसळोत, सर्व्हर आपला अडीचलाच धरून. पुढच्या तारखेचं वचन घ्यायचं तर माणसाने सांगितलेली वेळ आणि त्याचं गाव, दोन्ही जसंच्या तसं जपायचं आणि फरक त्या-त्या दिवशी काढायचा... इतकं साधं. दुरुस्तीला चाळीस मिनिटं लागली. चार महिन्यांपूर्वी केलं असतं तरी चाळीसच लागली असती.

मग तिने, बघू नये असं वाटत असताना, त्या रविवारची नोंद उघडली. घडून गेलेल्या गोष्टी सर्व्हर जगभरच्या एकाच घड्याळाने लिहितो, तिथे खोट येत नाही. खोली चौदाचा नातेवाईक, इकडच्या घड्याळाने दुपारी दीड वाजता आला. स्क्रीनने त्याला सांगितलं: कॉलची वेळ अजून झालेली नाही. एक बावन्नला गेला.

बावीस मिनिटं तो स्क्रीनच्या पलीकडे, बंद दाराबाहेर उभा होता. आत, वीस पावलांवर, काकू म्हणत होत्या की त्याची वेळ झाली.

सांगायचं, आत्ताच्या आत्ता खाली जाऊन सांगायचं, असं ठरवून ती जिना उतरली. तो अजून पोर्चमध्येच होता.

"गेला नाहीत?"

"निघालोच होतो. पण तुमची छत्री बघितली होती आत जाताना. म्हटलं, हे असलं प्रकरण घेऊन एकट्या कशा जाणार."

"आणि तुम्ही काय करणार होतात?"

"दांडा धरायला माणूस नको?"

ती हसली. नको तेव्हा हसली, आणि ओठांवर आलेले शब्द त्या हसण्यासरशी मागे गेले. बसथांब्यापर्यंत दोघं एका छत्रीत गेले, मध्ये ते घड्याळ. तो तिकडे लिफ्ट दुरुस्त करायचा, महिन्याभराच्या रजेवर होता, आईचं भाड्याचं घर रिकामं करायचं होतं. तिने आपण सर्व्हरचं काम करतो इतकंच सांगितलं. कुणाच्या सर्व्हरचं, ते नाही.

बस आली तेव्हा तो म्हणाला, "सर्व्हरबाई, घड्याळाबद्दल काही शंका आली तर कुणाला विचारायचं?"

तिने नंबर दिला. उद्या सांगू, असं स्वतःला बजावलं.

उद्याचा परवा झाला. ऑफिसात साहेबांनी अहवाल मागितला तेव्हा तिने विचारलं, "चूक कुणाची म्हणून लिहू?" साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "चुकीला आईबाप कशाला हवेत? 'वेळेच्या नोंदीतला दोष दूर केला' लिहा, आणि मोकळ्या व्हा." तिने तसंच लिहिलं. मोकळी काही झाली नाही.

त्याचा मेसेज तिसऱ्या दिवशी आला. आईच्या जुन्या फोनमधले फोटो काढून हवे होते. ते काम कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानातही झालं असतं. ते त्यालाही ठाऊक होतं, तिलाही.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली पोचली तर लिफ्टचं दार सताड उघडं, आणि आतून फक्त दोन पाय बाहेर आलेले.

"मेलात की काय?" तिने विचारलं, आणि जीभ चावली.

"अजून नाही," आतून आवाज आला. "ही मेली होती, आठ महिने. जिवंत करतोय." तो सरकत बाहेर आला. नाकाला ग्रीस लागलं होतं. "आई हिच्यामुळेच घराबाहेर पडेनाशी झाली. तीन मजले उतरायचे म्हणजे... आणि मी तिकडे परक्यांच्या लिफ्ट दुरुस्त करत फिरत होतो. आता कुणासाठी करतोय विचाराल, तर माहीत नाही. हातांना काम लागतं."

तिने पर्समधून रुमाल काढून त्याला दिला. त्याने कपाळ पुसलं. ग्रीस नाकावर तसंच.

"तिथे नाही."

"मग कुठे?"

"इथे..." आणि तिने स्वतःच पुसलं. दोघंही एकदम गंभीर झाले, आणि मग दोघांनाही एकदमच घाई झाली.

लिफ्टची पहिली खेप त्यांनी मिळूनच केली. दारं लागली, खोका थरथरला.

"बंद पडली तर?"

"तर मी आहे ना."

"तुम्ही आत. दुरुस्ती बाहेरून. काय उपयोग तुमचा?"

"गप्पा मारायला."

"आणि गप्पा संपल्यावर?"

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टने एक गचका दिला. तिने त्याची बाही गच्च धरली. लिफ्ट पुन्हा चालू झाली, वर आली, थांबली, दार उघडलं.

"पोचलो," तो हळूच म्हणाला. "सोडलीस तरी चालेल."

सोडलीस. तिने ऐकलं. बाही लगेच काही सोडली नाही.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर जाऊ लागली. त्याने खोकी बांधायची, तिने त्यांवर नावं लिहायची. भांडी मावशीला, पुस्तकं वाचनालयाला, साड्या... साड्यांच्या कपाटापाशी तो थांबायचा, आणि ती चहा ठेवायला स्वयंपाकघरात जायची. ते घड्याळ त्याने पुन्हा जुन्या खिळ्याला टांगलं होतं. चहा पिताना तिची नजर सारखी तिकडे जाई. ती त्याच्या प्रेमात पडली होती, हे तिला कळत होतं. चोरून घेतलेल्या वस्तूसारखं ते प्रेम होतं. जवळ होतं, पण मिरवता येत नव्हतं.

एका संध्याकाळी, रिकाम्या खोलीत जमिनीवर बसून पाव खाताना, तो आपण होऊन बोलला.

"मी आलो होतो त्या दिवशी."

तिच्या हातातला पाव हातातच राहिला.

"नऊला. दर रविवारी नऊ ठरलेलं. स्क्रीन म्हणाला, वेळ झाली नाही. वीसेक मिनिटं थांबलो. दहाला ड्युटी होती, एका इस्पितळातली लिफ्ट अडकली होती. उठलो. बसमध्ये डोक्यात आलं, आमचं घड्याळ पुढे गेलं म्हणजे इकडचे अडीच तिकडे आता दहाला वाजणार. एवढं साधं गणित, आणि ते मला आलं नाही. ती अडीचपासून बसली असणार, आणि मी बसमध्ये." तो पावाचा तुकडा मोडत राहिला, खाल्ला नाही. "मावशीला सांगितलंच नाही मी आलो होतो म्हणून. काय सांगू? आलो आणि निघून गेलो?"

ते गणित तुझं नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्दसुद्धा नाहीत. तिने त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "स्वतःला असा दोष देऊ नकोस ना."

त्याने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. "तू किती चांगली आहेस," तो म्हणाला. तिला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

मावशी आली ती पुढच्या मंगळवारी, भांडी न्यायला. आईची धाकटी बहीण. दणकट बाई, बोलणं तोडून टाकणारं. शुश्रूषागृहात रोज जाणारी तीच एक, आणि नेमकी त्या रविवारी तापाने घरी पडलेली. तिने पातेली मोजून पिशवीत भरली, मग कपाटाला टेकून उभी राहिली. खिडकीपाशी खोकं बांधत असलेल्या भाच्याकडे बघत राहिली.

"बोलणार नव्हते," मावशी म्हणाली. "पण तू परवा जाशील, आणि माझ्या मनात राहील. तिला दुसरं काय हवं होतं रे? आठवड्यातून एकदा तोंड दाखवायचं. सिस्टर सांगत होत्या, केस विंचरून तासभर बसली होती. तासभर. आणि तुला यायला झालं नाही."

तो दोरीची गाठ मारत राहिला, बसलेल्या गाठीवर आणखी एक.

"कामात असेल म्हणाली शेवटी. मरतानाही तुझी बाजूच घेतली तिने."

"चुकलं माझं, मावशी," तो म्हणाला.

आणि कोपऱ्यात खोक्यांवर नावं लिहीत बसलेल्या तिला राहवलं नाही. पर्समध्ये एकोणीस दिवस घडी घालून ठेवलेला कागद होता, सर्व्हरवरच्या नोंदीचा. रोज बरोबर आणलेला, रोज परत नेलेला. तो तिने काढला आणि मावशीच्या हातात दिला.

"त्यांचं नाही चुकलं. ते आले होते. इकडचे दीड वाजले होते तेव्हा, बरोबर ठरल्या वेळेला. बावीस मिनिटं थांबले. मशीनने त्यांना आत घेतलं नाही." तिने नोंदीवर बोट ठेवलं. "ते मशीन मी लिहिलंय. तिकडची घड्याळं पुढे जातात, त्याची सोय मी केली नाही. फॉर्मवर लिहिलं होतं, तुमच्या गावची वेळ सांगा. त्यांनी सांगितली. गणित मी करायचं होतं."

मावशीने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. तो खोक्यापाशी तसाच बसलेला होता.

"आणि आईंना माहीत होतं," ती त्याच्याकडे वळून म्हणाली. "दीड वाजताच म्हणाल्या होत्या, मला बसवा, त्याची वेळ झाली. त्यांचं घड्याळ बरोबर होतं. कुणी ऐकलं नाही, कारण स्क्रीनवर अडीच होते."

त्याने दोरी खाली ठेवली. मग तो उठला.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

खोटं बोलायला अजून जागा होती. ती म्हणाली, "पहिल्या दिवसापासून. पोर्चमध्ये तू साडेचार तास म्हणालास तेव्हापासून."

"एकोणीस दिवस," तो म्हणाला. गणित त्याला चांगलं येत होतं. "एकोणीस दिवस मी तुझ्यासमोर... आणि तू म्हणत होतीस, दोष देऊ नकोस."

"मला तू हवा होतास," ती म्हणाली. "सांगितलं की जाशील, हे माहीत होतं. म्हणून नाही सांगितलं. दुसरं कारण नाही."

तो रागावला असता, ओरडला असता तर सोपं झालं असतं.

"तुम्ही जा आता," तो म्हणाला.

तुम्ही. दारापर्यंत मावशी आली. तिचे डोळे गळत होते आणि पिशवीतली पातेली वाजत होती. "हे आधी बोलली असतीस, तर मी त्याला तसं बोलले नसते ग," मावशी म्हणाली. यावर तिने मान हलवली आणि लिफ्टकडे न बघता तीन मजले जिन्याने उतरली.

दोन दिवसांनी तो गेला. ती निरोप द्यायला गेली नाही. त्याने बोलावलंही नव्हतं.

मात्र ती शुश्रूषागृहात गेली. मोठ्या सिस्टरांपुढे उभी राहून सगळं सांगितलं, चुकीचे आईबाप कोण तेही. सिस्टरांनी ऐकून घेतलं. मग तक्ता काढला, 'नातेवाईक आले नाहीत' ही ओळ खोडली आणि वर लिहिलं: मुलगा दीड वाजता आला होता. खाली सही केली. तिने त्या कागदाचा फोटो त्याला पाठवला. बरोबर एक शब्दही लिहिला नाही. त्याने तो पाहिल्याची खूण आली. उत्तर आलं नाही.

नवा अहवालही तिने दिला, स्वतःचं नाव घालून. साहेब म्हणाले, "हौस आहे तुम्हाला," आणि तिच्याकडची दोन मोठी कामं काढून घेतली.

उन्हाळा गेला. रोज सकाळी उठल्यावर तिच्या मनात आपसूक साडेचार तास वजा होत. आता झोपला असेल, आता बसमध्ये असेल, कुणाची तरी लिफ्ट अडकली असेल. तो सगळा काळ कसा गेला विचाराल, तर वाईट गेला. इतकंच.

मग एके दिवशी मोठ्या सिस्टरांचा फोन आला. "बाई, तुमच्या मशीनमध्ये कुणीतरी तुमच्याच नावाने कॉल नोंदवलाय. रोगी म्हणून. मी मंजूर केलाय. या रविवारी."

तिने लॅपटॉप उघडून नोंद बघितली. कुणाशी बोलायचं: सर्व्हरबाई. नातं: अजून ठरलेलं नाही. वेळ: सकाळी नऊ, तुमच्या गावच्या घड्याळाप्रमाणे. नोंद दोन महिने आधी केलेली होती, तिकडच्या भर उन्हाळ्यात, आणि निवडलेला रविवार नेमका तिकडची घड्याळं तासभर मागे जाण्याचा. आता फरक पुन्हा साडेपाच होणार होता. जुन्या सर्व्हरने इकडचे दीड लिहिले असते. नव्याने अडीच लिहिले होते.

रविवारी ती दीड वाजताच जाऊन स्क्रीनपुढे बसली. केस विंचरले होते. आया म्हणाली, "ताई, अजून तास आहे की," आणि ती म्हणाली, "माहीत आहे. बसते." दालनात कुणी खोकत होतं, कुणाच्या तरी खोलीत रेडिओ हळू लावलेला होता. काळ्या स्क्रीनमध्ये तिचाच चेहरा दिसत होता. तास फार मोठा असतो. नुसतं बसून काढला की कळतं.

अडीच वाजले आणि स्क्रीन उजळला.

तो वाळला होता. त्यानेच सुरुवात केली.

"किती वाजले?"

"अडीच. तुझ्याकडे?"

"नऊ." त्याने मान हलवली. "कधी येऊन बसलीस?"

"दीडला."

"स्वतःच्या कामावर भरवसा नाही?"

"आहे. पण तो तास बसायचा राहिला होता माझा."

त्याने खाली बघितलं. मग म्हणाला, "मी आठपासून बसलोय. मागच्या वेळी लवकर उठलो होतो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही, दिसू दिलं.

"राग गेलेला नाही माझा," तो म्हणाला. "जाईल, असंही सांगत नाही. रोज सकाळी येतो. पण रोज तुला हे सांगावंसंही वाटतं, आणि दुसऱ्या कुणाला सांगावंसं वाटत नाही. काय करायचं त्याचं?"

"मला सांगत जा," ती म्हणाली. "रोज."

त्याने फोन जरा मागे सरकवला, आणि त्याच्या डोक्यामागची भिंत दिसली. भिंतीवर तेच घड्याळ होतं, गोल, पांढऱ्या तबकडीचं. त्यात दोन वाजून तेहतीस मिनिटं झाली होती.

"तुझं घड्याळ..." तिने बोट दाखवलं. "तुझं घड्याळ चुकलंय."

"चुकलेलं नाही," तो म्हणाला. "हे इकडचं नाही. तिकडचं आहे."

तिने खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. कॉल अर्ध्या तासाचा होता, आणि त्यातली जेमतेम तीन मिनिटं झाली होती.